सहावा रकाना

सोमवार, ४ तारीख

चि. सौ. मिरी हिस,

'सौ.' लिहिताना पेन अडलं. चार महिने नवऱ्याचं घर सोडून माहेरी बसलेल्या बाईला सौ. लिहायचं की नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही. लिहिलंय, बघून घे. आशीर्वाद मात्र लिहीत नाही. मनात नसलेलं कागदावर उतरवायची मला सवय नाही.

खुशाली विचारायला हे पत्र नाही. शनिवारी आमच्या हॉस्पिटलात तुझ्या गावच्या हॉस्पिटलचा एक फॉर्म आला. तू तिथे अर्ज केलास म्हणे, आणि तोही त्याच कामासाठी. अवजारं घासायची, कापडात बांधायची, मशीनमध्ये वाफवायची. हिंमत आहे तुझी, मानलं. ज्या कामावरून इथे काढलं तेच काम तिथे मागतेस. मेट्रनबाईंनी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, वाफेच्या खोलीच्या प्रमुख तुम्ही, तेव्हा तुम्हीच भरा. सात रकाने आहेत. सहावा असा: 'सदर कर्मचाऱ्याच्या कामात काही दोष आढळला होता काय? असल्यास कोणता?' वीस तारखेच्या आत परत गेला नाही तर तुझा अर्ज बाद. मी तो ड्रॉवरमध्ये हातमोज्यांच्या खोक्याखाली ठेवलाय.

काय लिहू त्यात, तूच सांग. त्या शिंप्याबद्दल लिहू? गुडघ्याचं साधं ऑपरेशन, चार दिवसांत घरी जायचा माणूस. जखम चिघळली आणि सहा आठवडे पडून राहिला. आता गुडघा वाकत नाही आणि शिलाई मशीनचं पायडल मारता येत नाही. अवजारं नीट वाफवली गेली नव्हती म्हणून झालं हे. त्या दुपारच्या पाळीला रजिस्टरमध्ये सही तुझी. चौकशीला बसलेल्या तिघांनी बोट ठेवून दाखवली. तू म्हणालीस, ही सही माझी नाही, मी तेव्हा घरी होते, मशीन ताईंनी लावलं होतं. मी म्हणाले, असं काही झालेलं नाही. माझी सत्तावीस वर्षं एका पारड्यात आणि तुझी तीन दुसऱ्या पारड्यात. लोक कुणाचं ऐकणार होते?

आणि मग जाताना दारात काय बोललीस ते आठवतंय ना? छकुली कडेवर, पिशवी खांद्याला, समोरचे शेजारी बाहेर आलेले. 'ताई, मशीन कुणी लावलं ते तुमच्या देवाला विचारा.' तुला माहेरच्यांनी मिरी हे नाव उगाच नाही ठेवलं. आमची आई आज असती तर तिला कळलं असतं, किती झोंबते ते.

तुझा नवरा, माझा भाऊ, डेपोतून येतो, गिळायचं म्हणून गिळतो आणि छकुलीच्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. तुला त्याचं काही नाही. एका हाताने टाळी वाजत नाही हे मलाही कळतं, पण घर मोडायला एक हात पुरतो. देव सगळं बघत असतो, एवढंच सांगते.

ताई


शुक्रवार, ८ तारीख

मिरी,

पहिलं पत्र पेटीत टाकलं आणि परत काढता येत नाही म्हणून पोस्टापाशी पाच मिनिटं उभी राहिले. त्यातलं शेवटचं वाक्य मला नको होतं.

तुला वाटत असेल, ताई सुखात आहे. काडीचं सुख नाही. तुझ्यामुळे नाही. त्याच्यामुळे. तू म्हणालीस देवाला विचारा, आणि मी विचारलं नव्हतं, तरी त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली आहे. आवाज वगैरे ऐकू येत नाही, मी काही कुणी संत लागून गेले नाही. डोळे मिटून बसले की तो सहावा रकाना दिसतो. एवढंच. सकाळी तेच, दुपारी तेच. आयुष्यभर मी त्याच्याकडे किती गोष्टी मागितल्या: आईचं दुखणं बरं कर, माझं लग्न जमू दे, भावाला नोकरी लागू दे. तेव्हा हा घुम्यासारखा बसला होता. आता तोंड उघडलं ते माझ्यावरच.

तर लिहिते. तुला माहीत असलेलंच लिहिते, म्हणजे लिहायची गरज नाही, पण दोन दिवस घास उतरत नाही म्हणून लिहिते. मशीन मी लावलं.

छकुलीला ताप होता. शेजारणीचा निरोप आला तेव्हा दीड वाजला होता, तू हात धुऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. मीच म्हणाले, जा, मेट्रनना सांगू नकोस, अर्धी रजा कापतील, तुझी पाळी मी बघते. तुझी सही मीच केली. तुझ्या सहीतला तो शेवटचा वळसा मला छान जमतो. तू घरी छकुलीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलीस. डॉक्टरकडे नेलं असतंस तर निदान त्यांची चिठ्ठी तरी हाताशी असती. बघ, अजून तुलाच बोलतेय.

वाफेच्या तापमानाचे आकडेही मीच लिहिले आणि मशीन सुरू करायच्या आधी लिहिले. दर दहा मिनिटांनी काट्याकडे बघून लिहायचे असतात, हे तुला पहिल्या दिवशी मीच शिकवलं होतं. पण सत्तावीस वर्षं रोज एकशे एकवीस बघितल्यावर कोण बघतं? मी आधीच लिहून ठेवायची. १२१, १२१, १२१. तेवढा अर्धा तास मोकळा मिळायचा. त्या दिवशी दाराचं रबर गेलेलं होतं, वाफ बाहेर जात होती आणि काटा एकशे आठच्या वर चढलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. गाठोड्यांवरच्या टेपचे पट्टे पुरती वाफ लागली की काळे व्हायचे ते नुसते तपकिरी झाले. मला वाटलं नवा टेप आलाय, याचा रंग असाच असेल.

चौकशीत मी नुसतं 'नाही' म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. तू रडायला लागलीस, ते तिघं तुझ्याकडे बघायला लागले, आणि मला वाटलं, आता हिचं ऐकतात. म्हणून मी म्हणाले, देवाशपथ सांगते, मी त्या मशीनला हात लावला नाही.

झालं समाधान? माझं नाही झालं. मला अजून राग येतोय, आणि कुणाकुणाचा येतोय ते वेगळं करून सांगता येत नाही. हे पत्र कुणाला दाखवशील तर दाखव. नाही दाखवलंस तर बरं होईल, हेही खरं.

ताई


मंगळवार, १२ तारीख

मिरी,

तुझं उत्तर नाही. नको देऊस.

काल फॉर्म भरला. सहाव्या रकान्यात लिहिलं: 'दोष नाही. काम अत्यंत समाधानकारक. कर्मचारी प्रामाणिक व मेहनती.' अक्षर माझं किती सुबक ते तुला माहीत आहे. मला वाटलं, सुटले. तुला नोकरी, मला माझं पेन्शन, शिंप्याचा गुडघा तर असाही वाकणार नाही आणि तसाही वाकणार नाही. साप मरावा आणि काठीही तुटू नये, आणखी काय पाहिजे कुणाला?

त्याला पाहिजे. दुपारी चादरींच्या खोलीत बसले, डोळे मिटले, परत तोच रकाना. या वेळी कोराच. मी भरलेलं एक अक्षर दिसेना.

मग मी भांडले. तू हसशील, पण मी खरंच भांडले. म्हटलं, हिला नोकरी मिळावी एवढंच ना तुझं म्हणणं, मग मिळेल की. म्हटलं, मी रोज एक तास जास्त बसते. म्हटलं, चहा सोडते. आणि सोडला, कालपासून, डोकं ठणकतंय. चहा कुणी मागितला होता? त्याने मागितलेलं सोडून मी दुसरंच सगळं द्यायला निघाले होते, आणि तेही उपकार केल्यासारखं.

मेट्रनबाईंकडे फॉर्म नेला तेव्हा आणखी एक कळलं. त्यांनी रकाना वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. या फॉर्मबरोबर चौकशीच्या अहवालाची प्रत जोडावी लागते, त्या म्हणाल्या. अहवालात ती दोषी आणि फॉर्मात ती हिरा, तिथले लोक काय समजतील? मग स्वतःच दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'दोन वर्षं राहिलीत तुमची. जे मिटलंय ते उकरू नका. अहवालात आहे तेच लिहा आणि मोकळ्या व्हा.' बाई वाईट नाहीत. त्यांना सगळं कळलंय असं मला वाटतं, चार महिन्यांपूर्वीच कळलं असावं.

फॉर्म परत आणलाय. लिहिलेलं खोडलं तर कागद खराब होईल म्हणून दुसरा कोरा मागून घेतला. आठ दिवस उरलेत. म्हणजे अहवालात आहे तसं लिहिलं तर तुझा अर्ज केराच्या टोपलीत, आणि खोटं चांगलं लिहिलं तरी तिथेच. तुझा मार्ग एकच उरलाय आणि तो माझ्या मानेवरून जातो. हे असं कोणी मांडून ठेवलं, ते मी विचारणार नाही. मला माहीत आहे.

लोक म्हणतात देवावर भार टाकावा. टाकून बघितला. तो उचलून परत माझ्याच हातात देतो.

ताई


शुक्रवार, १५ तारीख

मिरी,

आज सकाळी तुझ्या नवऱ्याला सांगितलं. आधी हॉस्पिटलात सांगावं असं ठरवलं होतं, कारण तिथे नोकरी जाईल, फार तर. घरात काय जाईल ते मला मोजता येत नव्हतं. म्हणून जे अवघड तेच आधी केलं. मी शूर आहे म्हणून नाही. सोपं आधी केलं असतं तर अवघड कधीच झालं नसतं, मी मला ओळखते.

तो ओट्यापाशी डबा भरत होता. मी दारात उभी राहून सगळं एका दमात सांगितलं, आकडे, सही, शपथ. त्याने डब्याचं झाकण लावलं. उघडलं. परत लावलं.

'ती मला त्याच दिवशी म्हणाली होती,' तो म्हणाला.

मी म्हणाले, मग तू का नाही ऐकलंस? आणि काय सांगू, हे मी रागावून विचारलं. जणू चूक त्याची होती.

तो माझ्याकडे वळला. आईनंतर मी त्याला वाढवला, त्याची शाळेची पुस्तकं मी शिवून दिली. त्याचं तोंड असं मी कधी पाहिलं नव्हतं.

'मी तिला काय म्हणालो माहितीये, ताई? मी म्हणालो, माझी बहीण एक वेळ जीव देईल, पण देवाची खोटी शपथ घेणार नाही.'

डबा तिथेच ठेवून तो कामावर गेला.

 मला आजवर वाटत होतं, माझं पाप खोटं बोलण्याचं आहे. खोटं तर सगळेच बोलतात. पण तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही त्याचं कारण माझी सत्तावीस वर्षं नव्हती. मी रोज देवासमोर डोळे मिटून बसते, हे कारण होतं. त्याच्या नावाने मी जी पत कमावली ती सगळी तुझ्या अंगावर फेकली. तो माझ्यावर असा हात धुऊन का लागलाय ते आज कळलं. कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. राग आहेच, फक्त आता मान वर करून रागावता येत नाही.

ताई


सोमवार, १८ तारीख

मिरी,

फॉर्म आज टपालात गेला. सहावा रकाना असा भरला, जसा आहे तसा तुला कळवते:

'दोष नाही. त्या दिवशी दुपारी सदर कर्मचारी माझ्या परवानगीने घरी गेली होती. मशीन मी चालवले. नोंदी मी आधीच लिहिल्या. तिची सही मी केली. चौकशीत मी खोटी शपथ घेतली. अहवालातील दोष माझा आहे.' जागा पुरली नाही, सातव्यात गेले.

तेच मोठ्या डॉक्टरांसमोर सांगितलं, मेट्रनबाई शेजारी उभ्या होत्या. अहवाल बदलायला महिना लागेल, पण दुरुस्तीचं पत्र त्यांनी आजच काढलं आणि फॉर्मला जोडलं. ते जोडेपर्यंत मी तिथून हलले नाही. मला घरी बसवलंय, पुढचं नंतर कळवतील. मेट्रनबाई जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, काय मिळवलंत?  लोक म्हणतात देवाचं ऐकलं की मनाला शांती मिळते. मला काही मिळाली नाही. 

एक गोष्ट मात्र त्या दोघांना सांगितली नाही, कारण फॉर्मात तिला रकाना नव्हता. तुला सांगते. मशीन चालू असताना मी होते कुठे, हे कुणी विचारलंच नाही. मी चादरींच्या खोलीत होते. रोज दुपारी असायची. आकडे आधी लिहून जो अर्धा तास वाचायचा, त्यात मी त्याच्यासमोर बसायची. त्या दुपारीही बसले होते. भिंतीपलीकडून फस्स असा आवाज येत होता, रबरातून वाफ निघाली की येतो तसा. आणि माझ्या मनात स्पष्ट आलं: ऊठ.

मी उठले नाही. मला वाटलं, मन भरकटतंय, घट्ट बसावं. वाईट विचार घालवतात तसा तो विचार मी घालवला आणि राहिलेली प्रार्थना पूर्ण केली. पूर्ण झाल्यावर बरंही वाटलं.

इतके दिवस मी त्याच्याशी भांडतेय की तेव्हा गप्प का राहिलास. तो गप्प नव्हता, मिरी. त्याला तेव्हा माझी प्रार्थना नको होती, त्याला दाराचं रबर बघायला माणूस हवा होता.

ताई


गुरुवार, २८ तारीख

मिरी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'एक तारखेपासून कामावर रुजू होते आहे. तुमचा भाऊ येऊन गेला, मी आत घेतलं नाही.' नाव नाही, ताई नाही. बरोबर आहे.

खरं सांगू? दुसरी ओळ वाचून मी भडकले. माझ्या भावाला दारातून परतवून लावतेस, सात तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. कार्ड टेबलावर आपटलं मी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासाठीच केलेलं असावं.

परवा शिंप्याकडे जाऊन आले. तेही देवाने सांगितलंच होतं, तुझा फॉर्म पेटीत पडला त्याच दिवशी. मला वाटलं होतं एवढं केल्यावर जरा दम खाऊ देईल. शिंपी खुर्चीत पाय लांब करून बसला होता, हाताने काजं करत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने सुई थांबवली नाही. 'आता हे ऐकून मी काय करू?' म्हणाला. मी म्हणाले, काही नका करू, खरं कुणाकडून झालं ते तुम्हाला माहीत असावं. तो म्हणाला, जा. आले. पुढच्या आठवड्यापासून त्याच्याकडे पायडल मारायला बाई लागणार आहे, असं त्याची बायको जिन्यात म्हणाली. मी विचारलं, मी चालेन का? ती विचारून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं. तो परत आला. काल जेवताना म्हणाला, तिने मला एकच गोष्ट विचारली, दारातच. 'तेव्हा माझं का नाही ऐकलंस, ताईंचंच का ऐकलंस?' मग त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, ताई, तू एक ओळ लिही. क्षमा करावी असं देव सांगतो, एवढं लिही. तुझ्यावर रागावली आहे तरी देवाचं म्हटलं की ती ऐकेल.

मी पेन घेऊन बसलेसुद्धा. जिभेवर होतंच ते वाक्य, मी तसली वाक्यं झोपेतही लिहीन. तीन वर्षं तुला तीच ऐकवली. मोठ्याने हसू नकोस, देवाला आवडत नाही. नवऱ्याला उलट बोलू नकोस, देवाला आवडत नाही. छकुलीला एवढं कडेवर घेऊ नकोस, तेही. त्यातलं निम्मं त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. ते मला आवडत नव्हतं, आणि माझ्या नावावर तू ऐकलं नसतंस.

म्हणून काल डोळे मिटून विचारलं, मिरीला काय लिहू? काही आलं नाही. आज सकाळी परत बसले. काही नाही. तुझ्याबद्दल त्याने माझ्याजवळ एक शब्द ठेवलेला नाही, आणि माझ्याकडे शब्द भरपूर आहेत. आजवर केलं त्यात हे सगळ्यात जड गेलं. नोकरीवर पाणी सोडताना एवढं जड गेलं नव्हतं. भाऊ समोर बसलाय, तोंड एवढंसं झालंय, आणि मी त्याला म्हणाले, ती ओळ मी लिहिणार नाही.

तो रविवारी पुन्हा येतोय तुझ्याकडे. दार उघडायचं की नाही, हे तुला कळेल तेव्हा कळेल, आणि कळवायला मी मध्ये नसेन. मी कधी काही सांगितलंच, अगदी देवाचं नाव घेऊन सांगितलं, तरी ऐकू नकोस.

ताई